नदीकांठचें वनभोजन

दिवाळी आटोपते, पाहुणे आपापल्या गांवीं परततात, फराळाच्या डब्यांच्या तळाशीं चकलीचे तुकडे तेवढे उरतात, आणि मग आमच्याकडील बहुतेक घरांतून एक प्रश्न निघतो: यंदां वनभोजनास कोठें जावयाचें? कार्तिकांत आवळीच्या झाडाखालीं पानें मांडून जेवण्याची चाल आपल्यांत जुनी आहे. गांवांतून आवळीचीं झाडें विरळ झालीं, तरी त्या निमित्तानें चार भिंतींच्या बाहेर पडण्याची हौस शिल्लक राहिली आहे, आणि ती राहिली हें बरेंच झालें.

या विषयावर शिरूरच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. घरांत १३ माणसें. सासूबाई ७८ वर्षांच्या, सर्वांत धाकटा मुलगा ४ वर्षांचा. दारांत मोटार आहे, परंतु तींत पांच माणसें मावतात. 'पांचांनीं जावें आणि आठांनीं घरीं बसावें, ही सहल नव्हे, वांटणी झाली,' असें त्या लिहितात. एस्. टी.नें किंवा आगगाडीनें सर्वांनीं मिळून जावें, पाण्याच्या कांठीं एक दिवस निवांत घालवावा आणि दिवेलागणीस घरीं परतावें, असा बेत त्यांना हवा आहे. पत्रांतील 'निवांत' या शब्दाखालीं त्यांनीं दोन रेघा ओढल्या आहेत.

त्या दोन रेघांनीं मला माझ्या एका जुन्या चुकीची आठवण झाली. ती आधीं सांगतों. कारण बेत कसा करावा हें मला जें थोडेंबहुत कळलें, तें त्या चुकीमुळेंच.

आमचें बिऱ्हाड दौंडास. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं चौदा माणसांनीं सिद्धटेकास वनभोजनाला जाण्याचें ठरविलें. माझें सारें आयुष्य शाळेंत गेलेलें. तेव्हां बेताचा कागदहि मीं शाळेच्या वेळापत्रकासारखा आंखला. साडेसहाला निघणें, आठला हातपाय धुणें, साडेआठला दर्शन, दहाला चूल पेटविणें, साडेबाराला पुरुषांची पंगत, दीडला मुलांची, दोनला मुलांचें पाठांतर, अडीचला स्त्रियांची पंगत, तीनला आवराआवर, सव्वातीनची मोटार. समासास तांबडी रेघ देखील मारली होती. त्या सबंध कागदांत नदीकडे नुसतें पाहत बसण्यास एकहि मिनिट ठेविलेलें नव्हतें, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं.

दिवस, माझ्या मतें, उत्तम चालला होता. घरांतल्या स्त्रिया पहाटे चारला उठल्या होत्या. नदीकांठीं तीन दगडांची चूल, वाऱ्यानें उलटा येणारा धूर, वांग्याचें भरीत, पिठलें आणि चौदा माणसांच्या भाकऱ्या. आमची पंगत झाली, मुलांची झाली, पाठांतर झालें. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, सर्वांना वाढून झाल्यावर अगदीं शेवटीं पानावर बसल्या, तेव्हां तीन वाजून गेले होते. मीं हांक दिली, "चला, मोटारीची वेळ झाली!" वहिनी अर्ध्या पानावरून उठल्या. कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पानास नमस्कार केला, हात धुतले आणि पातेलीं आवरूं लागल्या. त्या मोटारीमागें दीड तासानें दुसरी मोटार होती, आणि ती मला ठाऊकहि होती. परंतु कागदावर सव्वातीन लिहिलें होतें.

पुढल्या वर्षीं वहिनी म्हणाल्या, "मी घर सांभाळतें, भावोजी, तुम्ही सर्व जाऊन या." मला वाटलें, गुडघे दुखत असतील. त्याच्या पुढल्या वर्षींहि तेंच. तेव्हां सौभाग्यवतीनें एका वाक्यांत माझें अज्ञान दूर केलें. ती म्हणाली, "त्यांचे गुडघे दुखत नाहींत. त्यांचें पान अर्धें राहिलें आहे."

विश्रांति या शब्दांत 'श्रम्' हा धातु आहे, आणि त्यास 'वि' हा उपसर्ग लागून श्रमाचा परिहार होतो. हें मीं वर्गांत अनेक वेळां शिकविलें. आमच्या वनभोजनांत मात्र उपसर्ग पुरुषांनीं घेतला होता आणि धातु स्त्रियांकडे ठेविला होता, हें समजावयास मला दोन वर्षें लागलीं.

आतां बेताकडे वळूं.

बेताचे दोन भाग असतात. एक वाहनाचा आणि दुसरा नदीकांठचा. पहिला जितका काटेकोर करावा तितका थोडा. दुसरा जितका मोकळा ठेवावा तितका चांगला. माझी चूक अशी कीं, वाहनाचा काटेकोरपणा मीं नदीकांठापर्यंत नेला. पुष्कळांची चूक याच्या उलट असते. नदीकांठचा सैलपणा ते वाहनाच्या बेतांत आणतात, आणि मग संध्याकाळीं फांट्यावर मुलेंबाळें घेऊन ताटकळत उभे राहतात. दोन्ही चुकांचें फळ एकच: घरीं आल्यावर सगळे चिडलेले.

प्रथम स्थळाचा विचार. आपल्या शिरूर-दौंड भागावर पावसाची कृपा थोडी, परंतु नद्यांची पुष्कळ. भीमाशंकराहून निघालेली भीमा या दोन्ही तालुक्यांस पाणी देत जाते. रांजणगांव सांडसाजवळ पुण्याहून आलेली मुळा-मुठा तिला मिळते. घोड नदी शिरूरवरून वाहते आणि तिच्या नांवावरून गांवासच घोडनदी म्हणण्याचा परिपाठ पडला. कुकडी घोडीस मिळते, घोड भीमेस मिळते, आणि तीच भीमा पुढें पंढरपुरीं चंद्रभागा होते. म्हणजे शिरूरच्या कांठीं पाय बुडविले तरी तें पाणी जाणार पंढरीसच.

वाहनांच्या बाबतींतहि हा भाग भाग्यवान आहे. पुण्याहून दौंडावरून दिकसळपर्यंत आगगाडी १८५८ सालीं धांवूं लागली, आणि १८७८ सालीं मनमाडचा मार्ग सुरू होऊन दौंड हें जंक्शन झालें. शिरूरास आगगाडी नाहीं. परंतु राज्य परिवहनाची पहिली मोटार १ जून १९४८ रोजीं नगर आणि पुणें यांच्या दरम्यान धांवली, ती शिरूरच्या रस्त्यानेंच. ज्या रस्त्यानें एस्. टी.नें पहिलें पाऊल टाकलें, त्या रस्त्यावरील घरांनीं वनभोजनास जाण्याकरितां दुसऱ्याच्या मोटारीची वाट पाहावी, हें कांहीं बरें दिसत नाहीं.

स्थळ निवडतांना मी तीन गोष्टी पाहतों. मोटार थांबते तेथून पाणी किती पावलांवर आहे? म्हाताऱ्या माणसास बसावयास सांवली आहे काय? आणि स्त्रियांच्या सोयीची स्वच्छ जागा जवळ आहे काय? तिसऱ्या गोष्टीविषयीं आपण पुरुष संकोचानें बोलत नाहीं. परंतु ती सोय नसली म्हणजे घरांतल्या बायका सकाळपासून पाणी पिण्याचें टाळतात आणि दुपारीं त्यांचें डोकें दुखूं लागतें. संकोच सोडून ही चौकशी आधींच करावी. देवस्थानाजवळचा कांठ मला पसंत पडतो, याचें धार्मिक कारण आहेच. पण हें व्यावहारिक कारणहि आहे.

अशा दृष्टीनें पहिलें नांव सिद्धटेकाचें. अष्टविनायकांपैकीं हा सिद्धिविनायक भीमेच्या कांठीं, कर्जत तालुक्यांत आहे. दौंडाहून अंतर सुमारें १९ किलोमीटर. मधुकैटभांशीं युद्ध करतांना विष्णूस येथें सिद्धि प्राप्त झाली, अशी कथा आहे. मूर्ति उजव्या सोंडेची. देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलें आणि नगारखान्यापर्यंतचा फरसबंदी रस्ता हरिपंत फडक्यांनीं केला, असें सांगतात. पूर्वीं अलीकडच्या शिरापुराहून होडींत बसून पलीकडे जावें लागे. आतां पूल झाला आहे. होडीची मौज गेली खरी, परंतु ७८ वर्षांच्या सासूबाईंच्या दृष्टीनें पूलच बरा. संकष्टी आणि विनायकी चतुर्थी, तसेच भाद्रपद व माघ महिन्यांतील उत्सवाचे दिवस वनभोजनास टाळावे. ते दिवस देवाचे; गर्दींत पंगत मांडून आपण ना देवाचे राहत, ना नदीचे.

दुसरें स्थळ आगगाडीनें जाणाऱ्यांकरितां: भिगवण. सोलापूर जिल्ह्यांत भीमेवर उजनीचें धरण झालें, तें १९८० सालीं पुरें झालें, आणि त्याचें पाणी मागें पसरत भिगवणच्या परिसरापर्यंत आलें. बुडालेल्या शेतांच्या उथळ पाण्यांत थंडीच्या दिवसांत रोहित पक्षी येतात. गुलाबी पंखांची ती दाटी एकदां पाहिली कीं विसरत नाहीं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबहि तेथें दिसतात. 'कादंब' हा शब्द कोशांत पाठ केलेल्या माझ्यासारख्या माणसास तो पक्षी साठाव्या वर्षीं प्रत्यक्ष दिसला, तेव्हां एखाद्या जुन्या मित्राची गांठ पडावी तसें झालें. दौंडाहून सोलापूरच्या बाजूस जाणारी, भिगवणास थांबणारी गाडी घ्यावी. तेथून कुंभारगांवच्या कांठापर्यंत रिक्षा किंवा जीप ठरवावी लागते. तिचें भाडें जातांनाच जाण्यायेण्याचें ठरवावें आणि परतीची वेळ चालकास कागदावर लिहून द्यावी. होडींत बसावयाचें तर सकाळीं बसावें. त्या वेळीं वारा कमी असतो आणि पक्षीहि जवळ असतात. अंगांत घालावयाचें तरंगतें जाकीट प्रत्येकास मिळाल्यावांचून होडींत पाय ठेवूं नये. पोहतां येणाऱ्यानें तर मुळींच ऐट करूं नये.

तिसरें स्थळ शिरूरकरांस ठाऊक आहेच: कुकडी नदींतील निघोजचे कुंड. एका कांठीं शिरूर तालुक्यांतील टाकळी हाजी, दुसऱ्या कांठीं पारनेर तालुक्यांतील निघोज, आणि मध्यें काळ्या कातळांत कोरल्यासारखे प्रचंड रांजण. पुराच्या पाण्यांत सांपडलेले गोटे खळग्यांतून वर्षानुवर्षें गरगर फिरतात आणि जात्यासारखे खडक घासतात; त्यांतून हे रांजणखळगे झाले. मुलांना भूगोलाचा असा धडा पुस्तकांत मिळावयाचा नाहीं. शिरूरहून अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. परंतु निवांत वनभोजनाचें हें स्थळ नव्हे, हें मी स्पष्ट सांगतों. कातळ गुळगुळीत, खळगे खोल, कडा उभ्या. तेथें मुलांचा हात धरून जावें, लांबून पाहावें, मळगंगेचें दर्शन घ्यावें आणि जेवण कातळापासून दूर सांवलींत करावें. पावसाळ्यांत तर तिकडे फिरकूंच नये.

चौथें स्थळ, ज्याचें नांव कोणी घेत नाहीं, तें म्हणजे आपल्याच गांवची नदी. घरांत फार वृद्ध माणूस असेल, किंवा हाताशीं अर्धाच दिवस असेल, तर दहा मिनिटांच्या रिक्षानें जाऊन संध्याकाळीं कांठावर दोन तास बसून यावें. दूर गेल्यावांचून सहल होत नाहीं, ही समजूत चुकीची आहे.

ऋतूविषयीं थोडें. आश्विन संपल्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यांत आमच्याकडे सांवली पुरत नाहीं आणि पाणी आटतें. पावसाळ्याचा धोका निराळा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. पाऊस पडतो तो सह्याद्रीवर. धरणें भरतात तीं वरच्या अंगास. आणि पाणी सोडलें म्हणजे तें खालीं येतें आपल्या गांवाशीं, जेथें त्या दिवशीं आकाशांत ढगहि नसतो. स्वच्छ ऊन पडलें आहे म्हणून नदी शांत आहे, असें अनुमान आपल्या भागांत करतां येत नाहीं. वरून पाणी सोडण्याची सूचना असली कीं बेत पुढें ढकलावा. नदी कोठें जात नाहीं.

आतां वाहनाचे नियम. पहिला नियम: परतीची मोटार आधीं शोधावी, जाण्याची मागाहून. जाण्यास दहा मार्ग सांपडतात. अडतें तें येण्यापाशीं. दुसरा नियम: शेवटच्या मोटारीवर बेत बांधूं नये. तिच्या आधींची मोटार आपली मानावी, म्हणजे ती चुकली तरी जीव घाबरा होत नाहीं. तिसरा: आदल्या दिवशीं स्थानकावर जाऊन चौकशी-खिडकीशीं वेळा विचाराव्या, सुटीच्या दिवशींच्या फेऱ्या रोजच्यापेक्षां निराळ्या असूं शकतात. चौथा: जेथून मोटार सुटते त्याच स्थानकावर चढावें, वाटेंतल्या थांब्यावर नव्हे, म्हणजे वृद्धांना बसावयास जागा मिळते. आगगाडीनें दौंडास येणाऱ्यांनीं आणखी एक पाहावें. कांहीं गाड्या आतां मुख्य जंक्शनांत न येतां 'दौंड कॉर्ड लाईन' या निराळ्या स्थानकावर थांबतात. दोन्ही नांवांत दौंड आहे म्हणून घोटाळा होतो, आणि अर्धें कुटुंब एकीकडे तर अर्धें दुसरीकडे उतरण्याचा प्रसंग येतो.

खर्चाविषयीं वाचकभगिनींनीं विचारलें नाहीं, परंतु संयुक्त कुटुंबांत तो प्रश्न मनांत असतोच. ७५ वर्षांवरील नागरिकांस एस्. टी.चा प्रवास २०२२ पासून विनामूल्य झाला; ६५ ते ७५ या वयांतील माणसांस अर्धें तिकीट; आणि सर्व वयांच्या स्त्रियांस २०२३ पासून अर्धें तिकीट. पांच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाहीं. तेव्हां या घरांतील सासूबाई आणि धाकटा मुलगा, म्हणजे घराचीं दोन्ही टोकें, फुकट प्रवास करतील. मधल्यांनींच काय तें द्यावयाचें. वयाच्या पुराव्याकरितां आधारपत्र जवळ ठेवावें. आगगाडींत वृद्धांस जी सवलत पूर्वीं मिळे, ती २०२० सालीं बंद झाली. परंतु साध्या डब्याचें भाडें मुळांतच थोडें असतें. चार बिऱ्हाडें मिळून तीस-चाळीस माणसें जमत असतील, तर एस्. टी.ची सबंध मोटारच ठरवितां येते. आगारांत 'प्रासंगिक करार' म्हणून विचारावें.

जेवणाचा प्रश्न मीं मुद्दाम शेवटीं ठेविला, कारण निवांतपणा येथेंच मिळतो किंवा येथेंच जातो. माझा नियम आतां एकच आहे: नदीकांठीं चूल नाहीं. आपल्या आज्यांनीं प्रवासाकरितां दशमी शोधून काढली ती कांहीं उगीच नव्हे. दुधांत भिजविलेली दशमी मऊ राहते, लवकर बिघडत नाहीं, आणि सोंवळें पाळणाऱ्या वृद्धांनाहि ती प्रवासांत चालते. दशम्या, धपाटे, तिळाची चटणी, दहीभात, आवळ्याचें लोणचें, आणि दौंडाकडच्या गुऱ्हाळांतला ताजा गूळ. याहून अधिक पक्वान्न नदीकांठीं लागत नाहीं. पौषांत गेलांत तर ज्वारीचा हुरडा जवळच्या एखाद्या शेतकऱ्याकडे सांगून ठेवावा. पत्रावळी पळसाच्या घ्याव्या. प्लास्टिकचीं ताटें आणि पेले नेऊं नयेत. पिण्याचें पाणी घरून न्यावें.

हा सर्व स्वयंपाक आदल्या संध्याकाळीं व्हावा, आणि त्यांत पुरुषांनीं हात घालावा. दशमी लाटतां येत नसेल तर भाजी चिरतां येते, डबे भरतां येतात, पाण्याचीं भांडीं उचलतां येतात. नदीकांठीं पंगत एकच मांडावी, सर्वांची एकदम. डबे मध्यें, माणसें भोंवतीं. उठून वाढावें लागलें तर घरांतल्या तरुण मुलांनीं वाढावें. पहिल्या पंगतीची आणि शेवटच्या पंगतीची वहिवाट घरांत कांहींहि असो, ती नदीवर नेऊं नये.

आतां पाण्याविषयीं एक अप्रिय गोष्ट. पुण्यासारख्या मोठ्या शहराचें सांडपाणी मुळा-मुठेच्या वाटेनें भीमेंत येतें. तें पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांस लावावें, हवें तर पाय भिजवावे. परंतु ओंजळीनें पिऊं नये, आणि मुलांना त्यांत डुंबूं देऊं नये. दुसरा धोका दिसत नाहीं म्हणून अधिक मोठा आहे: वाळू उपसल्यानें पात्रांत खोल खड्डे पडलेले असतात. वरून गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यांत पुढचें पाऊल पुरुषभर खोल जातें. बुडणारें मूल ओरडत नाहीं. तें मुकाट्यानें पाण्याखालीं जातें. म्हणून मुलांवर 'सर्वांचें लक्ष आहे' असें कधीं म्हणूं नये. सर्वांचें लक्ष म्हणजे कोणाचेंच नव्हे. दोन मुलांमागें एक मोठा माणूस नांव घेऊन नेमावा, तासातासानें पाळी बदलावी, आणि पाळीवर असलेल्यानें हातांत मोबाईल घेऊं नये. एवढी नेमणूक झाली कीं बाकीच्यांचा जीव खरोखर निर्धास्त होतो. निवांतपणा आपोआप येत नाहीं. कोणींतरी पहारा केला म्हणजे इतरांस तो मिळतो. वनभोजनांत हा पहारा वांटून घ्यावयाचा असतो, इतकेंच.

आतां आरंभीं सांगितलेली गोष्ट पुरी करतों. सौभाग्यवतीच्या त्या वाक्यानंतर मीं नवा कागद घेतला. त्यावर दोनच ओळी लिहिल्या. 'जाणें: आठची मोटार. येणें: सव्वातीनची किंवा पावणेपांचची.' उरलेला कागद कोरा. तो घेऊन वहिनींकडे गेलों आणि म्हणालों, "वहिनी, यंदां चूल नाहीं, वाढणें नाहीं, भांडीं नाहींत. तुम्हीं आलेंच पाहिजे." त्यांनीं कागद उलटून पाहिला. मागेंहि कांहीं लिहिलेलें नव्हतें. मग म्हणाल्या, "पण मग मी तेथें करूं काय?"

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. चाळीस वर्षें ज्या माणसानें एका घराचा स्वयंपाक केला, त्यास आपण हा प्रश्न विचारावयास लावतों, याची लाज मात्र वाटली.

वहिनी आल्या. पहिला तास त्यांना चैन पडेना. कोणाची शाल घडी कर, कोणाची पिशवी नीट ठेव, असें चाललें होतें. मग त्या हळूच उठून पाण्याकडे गेल्या. जातांना मला म्हणाल्या, "पाय बुडविते." माझा थोरला पुतण्या त्यांच्याबरोबर गेला. त्या एका दगडावर बसल्या आणि पाण्यांत पाय सोडून पलीकडच्या तीराकडे पाहत राहिल्या. जेवणाच्या वेळीं पहिलें पान त्यांचें मांडलें, आणि दहीभात मीं वाढला. माझ्या हातून तो थोडा पत्रावळीबाहेर सांडला. कोणी हंसलें नाहीं.

जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "भावोजी, माझें माहेर घोडनदीच्या कांठचें, सासर भीमेच्या कांठचें. पण नदीवर धुणें घेतल्यावांचून मी आज पहिल्यांदांच आलें."

सव्वातीनची मोटार आली आणि गेली. कोणी उठलें नाहीं. पावणेपांचच्या मोटारीनें आम्ही परतलों, आणि दिवेलागणीच्या सुमारास घरीं पोंचलों.

वाचकभगिनींस माझी विनंति इतकीच कीं, त्यांनीं बेताचा कागद लिहावयास घेतला म्हणजे त्यावर दोनच ओळी लिहाव्या. आणि तो प्रथम सासूबाईंना दाखवावा, मग स्वतः एकदां वाचून त्यांत आपल्या वाट्यास काय आलें आहे तें पाहावें. कांहींच आलेलें नसेल, तर बेत जमला असें समजावें.